ल्युपसमध्ये धाप लागते तेव्हा: आधी विचारा, किती दिवसांत वाढली?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझी धाकटी बहीण 29 वर्षांची. 4 वर्षांपासून ल्युपस आहे. सुरुवातीला सांधे आणि त्वचा, नंतर एकदा छातीत पाणी झालं होतं, ते औषधांनी गेलं. सध्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि रोज 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) चालू आहे. गेले 3 महिने जिना चढताना धाप लागते. ताप नाही, खोकला नाही. एक्स-रे नॉर्मल आला आणि 'टेन्शनमुळे होतंय' असं सांगितलं गेलं. स्टेरॉइड थोडं वाढवून बघावं का? पुढच्या वर्षी तिला बाळाचा विचार करायचाय, म्हणून जास्त काळजी वाटते."

टेन्शनने धाप लागत नाही असं मी म्हणणार नाही. पण ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार, असलेल्या रुग्णाला ते सांगण्याआधी चार-पाच तपासण्या हातात असाव्या लागतात, आणि त्यांत छातीचा एक्स-रे सगळ्यांत कमकुवत. तुमच्या बहिणीला जे होतंय त्याच्या बहुतेक संभाव्य कारणांत एक्स-रे नॉर्मल किंवा जवळपास नॉर्मलच येतो. तेव्हा तो रिपोर्ट बघून निर्धास्त होऊ नका, आणि घाबरूनही जाऊ नका.

ल्युपसची पंचाईत अशी की तो फुफ्फुसाच्या एकाच भागाला धरून बसत नाही. फुफ्फुसावरचं पातळ आवरण, आतल्या हवेच्या पिशव्या, त्यांच्यामधली जाळी, रक्तवाहिन्या, खालून भात्यासारखं काम करणारं श्वासपटल, यांपैकी काहीही बिघडू शकतं. रुग्ण मात्र प्रत्येक वेळी एकच शब्द सांगतो: धाप. म्हणून मी पहिला प्रश्न विचारतो तो वेगाचा. धाप तासाभरात लागली, चार दिवसांत वाढली, की महिन्यांमध्ये हळूहळू चढत गेली? तीन उत्तरांचे तीन वेगळे रस्ते आहेत. तुमच्या बहिणीचा रस्ता तिसरा, म्हणून त्याबद्दल जास्त लिहितो. पहिल्या दोघांची ओळख मात्र घरात सगळ्यांना हवी.

महिन्यांमध्ये वाढणाऱ्या धापेत सगळ्यात आधी फुफ्फुसाबाहेरची कारणं झाडून काढावी लागतात. हिमोग्लोबिन किती आहे? ल्युपसमध्ये रक्त कमी होण्याची अर्धा डझन कारणं असतात. लघवीतून प्रथिनं जाताहेत का, पायांवर सूज आहे का? मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाला तर अंगात पाणी साठतं आणि पहिली तक्रार धापेचीच असू शकते. हृदयाभोवती पाणी आहे का? स्टेरॉइडने वजन वाढलंय का, मांड्यांचे स्नायू अशक्त झालेत का? यांतली बरीच उत्तरं रक्त-लघवीच्या साध्या तपासणीत आणि इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, मिळतात. ती आधी मिळवा.

आता फुफ्फुसाकडे. तुमच्या पत्रातली एक ओळ मला महत्त्वाची वाटली: पूर्वी छातीत पाणी झालं होतं. ही प्लुरिसी, म्हणजे आवरणाचा दाह. फुफ्फुसांच्या बाबतीत ल्युपसचा हा सगळ्यात नेहमीचा प्रकार. साधारण एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांना तो कधी ना कधी होतो. खोल श्वास घेतला, खोकलं, कूस बदलली की सुरी फिरवल्यासारखं दुखतं. पाणी बहुधा थोडं असतं, बऱ्याचदा दोन्ही बाजूंना, आणि औषधांनी ते जातं. एवढ्यावर थांबलं तर उत्तम. पण काही जणींना त्यानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी 'श्रिंकिंग लंग' नावाचा प्रकार होतो. शब्दशः पाहिलं तर आक्रसलेलं फुफ्फुस. प्रत्यक्षात फुफ्फुसाची जाळी बहुतेक वेळा ठणठणीत असते. श्वासपटल वर सरकलेलं असतं आणि खाली उतरत नाही, म्हणून हवेला जागाच कमी पडते. 1965 मध्ये हॉफब्रँड आणि बेक या दोन डॉक्टरांनी याचं पहिलं वर्णन केलं. हे नेमकं का होतं यावर अजून वाद आहेत. एक पटण्याजोगं म्हणणं असं की आवरणाच्या जुन्या दुखण्यामुळे शरीर खोल श्वास घ्यायला कचरतं आणि हळूहळू ती सवयच होऊन जाते.

यात एक गंमत आहे, आणि ती मी शिकाऊ डॉक्टरांना दरवर्षी सांगतो. अशा रुग्णाच्या एक्स-रेवर बऱ्याचदा शेरा असतो: 'रुग्णाने पूर्ण श्वास घेतलेला नाही.' वाचणाऱ्याला तो फोटो काढण्यातला दोष वाटतो आणि एक्स-रे नॉर्मलच्या गठ्ठ्यात जातो. पण पूर्ण श्वास घेता न येणं हाच तर तिचा आजार असतो! तेव्हा बहिणीचा जुना एक्स-रे शोधा, नव्याच्या शेजारी ठेवा आणि श्वासपटलं वर सरकलीत का एवढंच डॉक्टरांना बघायला सांगा. आडवं झाल्यावर धाप वाढते का, हेही तिला विचारून ठेवा. हा प्रकार विरळा आहे, पण त्याचं भवितव्य बरं असतं. स्टेरॉइड, त्याच्या जोडीला दुसरं एखादं औषध आणि श्वासाचे व्यायाम यांवर बहुतेक जणी सुधारतात किंवा निदान तिथेच थांबतात.

दुसरं कारण, जे मला काहीही झालं तरी चुकवायचं नसतं: फुफ्फुसाच्या धमन्यांमधला वाढलेला दाब, म्हणजे पल्मनरी हायपरटेन्शन. याचा दंडाला पट्टा बांधून मोजायच्या बीपीशी काही संबंध नाही. तो नॉर्मल असतानाही हा आजार असू शकतो. सुरुवातीला फक्त चढावर किंवा जिन्यावर दम लागतो. मग थकवा, छातीत धडधड, कधी चालता चालता घेरी येणं, शेवटी पायांवर सूज. एक्स-रे सुरुवातीला हमखास फसवतो. थंडीत किंवा गार पाण्यात बोटं पांढरी-निळी पडत असतील आणि रक्तात आरएनपी नावाची प्रतिपिंडं असतील, तर माझा संशय आणखी बळावतो.

यासाठी पहिली तपासणी इको. पण इको दाबाचा अंदाज देतो, मोजमाप नाही. तो अंदाज हृदयाच्या एका झडपेतून होणाऱ्या गळतीच्या वेगावरून बांधतात. गळती नीट दिसली नाही तर आकडाच मिळत नाही. संशय दाट असेल तर शेवटचा शब्द उजव्या बाजूच्या कॅथेटर तपासणीचा. त्यात सरासरी दाब पाऱ्याच्या 20 मिलिमीटरच्या वर आला तर तो वाढलेला मानतात. पूर्वी ही रेघ 25 वर होती. हे कॅथेटर ऐकून घरचे लोक दचकतात, 'अँजिओग्राफी करायची का?' म्हणतात. ती वेगळी. ही तपासणी शिरेतून होते आणि अनुभवी हातात बऱ्यापैकी सुरक्षित असते. तिच्यावाचून आयुष्यभराची महागडी औषधं सुरू करणं मला पटत नाही.

आणि इथे ल्युपसच्या बाजूने बोलण्यासारखी एक गोष्ट आहे. स्क्लेरोडर्मा या त्वचा कडक करणाऱ्या आजारात असा दाब वाढला तर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा त्यावर फारसा उपयोग होत नाही. ल्युपसमध्ये मात्र काही जणींना, विशेषतः लवकर सापडलं तर, सायक्लोफॉस्फामाइड आणि स्टेरॉइडने दाब खरोखर उतरतो. सोबत रक्तवाहिन्या सैलावणारी औषधं लागतात, ती वेगळी. लवकर सापडणं म्हणजे काय, तर तुमची बहीण आज ज्या टप्प्यावर आहे तो टप्पा: जिन्यावर दम, बाकी सगळं ठीक.

तिसरं कारण फुफ्फुसाच्या जाळीत हळूहळू व्रण तयार होणं, आयएलडी. सांधेवाताच्या इतर काही आजारांच्या मानाने ल्युपसमध्ये हे कमी दिसतं. कोरडा खोकला बहुधा सोबतीला असतो, आणि स्टेथोस्कोपमध्ये पाठीला खाली, नवी वेल्क्रोची पट्टी सोडवल्यासारखा आवाज येतो. एचआरसीटीमध्ये, म्हणजे फुफ्फुसाच्या बारकाईच्या सीटी स्कॅनमध्ये, ते स्पष्ट कळतं. एचआरसीटी नॉर्मल असेल तर हा विषय जवळजवळ मिटतो.

चौथं कारण जुन्या गुठळ्या. काही रुग्णांना पायातून सुटलेल्या छोट्या छोट्या गुठळ्या गुपचूप फुफ्फुसात जाऊन बसलेल्या असतात. मोठा झटका कधी आलेलाच नसतो. त्यासाठी फुफ्फुसाचा व्हीक्यू स्कॅन करतात, म्हणजे हवा आणि रक्त कुठे पोचतंय ते बघतात. या कामात तो साध्या सीटीपेक्षा जास्त भरवशाचा. अशा गुठळ्या सापडल्या तर काही जणींना शस्त्रक्रियेने कायमचा उतार पडतो, म्हणूनही त्या शोधायच्या.

या चारही कारणांना वेगळं पाडणारी एक तपासणी आहे आणि ती सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे: संपूर्ण पीएफटी (फुफ्फुसाच्या क्षमतेची तपासणी), डीएलसीओसकट. नुसती फुंकर मारायची स्पायरोमेट्री इथे पुरत नाही. डीएलसीओ म्हणजे फुफ्फुसातला वायू रक्तात किती सहज उतरतो याचं माप. फुफ्फुसात हवा पुरेशी मावतेय पण डीएलसीओ बराच घसरलाय, तर रक्तवाहिन्यांकडे बघा. हवाही कमी मावते आणि डीएलसीओही कमी, तर जाळीकडे. हवा कमी मावते, पण आहे तेवढ्या फुफ्फुसाच्या हिशेबाने वायू रक्तात नीट उतरतोय, तर श्वासपटलाकडे. रक्त कमी असेल तरी डीएलसीओ घसरतो, म्हणून त्याच आठवड्यातलं हिमोग्लोबिन लॅबला द्यायला विसरू नका. आणि तिला बसवून आणि झोपवून, दोन्ही वेळा श्वास मोजायला सांगा. झोपल्यावर आकडा बराच खाली आला तर श्वासपटलाचा संशय पक्का होत जातो.

सोबत 6 मिनिटं चालवून ऑक्सिजन किती उतरतो तेही बघतात. घरी ऑक्सिमीटर असेल तर एक सूचना: बोटं गार किंवा निळसर असतील तर तो बऱ्याचदा चुकीचा आकडा दाखवतो. हात कोमट पाण्यात धरून, कोरडे करून, नेलपॉलिश काढून मग मोजा. मध्यरात्री 84 आकडा बघून धावत आलेली आणि हात शेकल्यावर 98 निघालेली मंडळी मी बरीच पाहिली आहेत. उलटही होतं: बसून 97 आणि एक जिना चढल्यावर 88. म्हणून बसल्याबसल्या मोजलेल्या आकड्यावर समाधान मानू नका.

आता स्टेरॉइड. नाही, स्वतःहून वाढवू नका. कारण सांगतो. माझ्या उमेदवारीच्या काळात एक ल्युपसची मुलगी ताप, खोकला आणि एक्स-रेवर डाग घेऊन आली. ल्युपस आधीच उसळलेला होता, सांधे सुजलेले होते. मला सगळं एकाच माळेत बसल्यासारखं वाटलं आणि मी स्टेरॉइड चढवलं. चार दिवस बरी वाटली. मग घसरली. थुंकीत क्षयाचे जंतू निघाले. ती वाचली, पण तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे: ल्युपसच्या रुग्णाच्या फुफ्फुसात दिवसांमध्ये नवीन डाग उमटला की उलट सिद्ध होईपर्यंत तो संसर्गच. आकडेही हेच सांगतात. अशा डागांचं सगळ्यात मोठं कारण जंतुसंसर्ग आहे, ल्युपस नाही. आजार स्वतः प्रतिकारशक्तीची घडी विस्कटतो आणि आमची औषधं ती आणखी दाबतात. नेहमीचा न्यूमोनिया, क्षय, बुरशी, न्यूमोसिस्टिस, यादी लांब असते.

ल्युपसचा स्वतःचा न्यूमोनायटिस, म्हणजे जंतूंशिवाय होणारा फुफ्फुसाचा दाह, असतो, पण तो विरळा आणि फार उग्र. ताप, धाप, ऑक्सिजन खाली, दोन्ही फुफ्फुसांत डाग. दिसायला अगदी न्यूमोनिया. त्यामुळे व्यवहारात आम्ही बऱ्याचदा दोन्ही उपचार एकदम सुरू करतो आणि दुर्बीण घालून फुफ्फुस धुऊन घेतलेल्या पाण्याच्या तपासणीची वाट बघतो. रक्ताच्या तपासण्या थोडी मदत करतात. ल्युपस उसळला की रक्तातली सी3, सी4 ही प्रथिनं खाली जातात, डीएस-डीएनए हे प्रतिपिंड वर जातं, दाह दाखवणारा ईएसआर वाढतो. पण दाहाचंच दुसरं माप, सीआरपी, बऱ्याचदा फारसं हलत नाही. म्हणून सीआरपी खूप चढला की आम्ही संसर्ग शोधतो. अपवाद पुन्हा त्या प्लुरिसीचाच: आवरणाला दाह झाला की ल्युपसमध्येही सीआरपी चढतो. एका आकड्यावर निदान करणाऱ्यांची इथेच फसगत होते.

औषधांनीही फुफ्फुस बिघडतं. कुणी सांध्यांसाठी मेथोट्रेक्झेट घेत असेल आणि कोरडा खोकला, ताप, धाप सुरू झाली, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी फोन करावा. न्यूमोसिस्टिस टाळायला देतात ते को-ट्रायमॉक्साझोल हे सल्फाचं औषध ल्युपसच्या रुग्णांना इतरांपेक्षा जास्त वेळा सोसत नाही, पुरळ येतं, कधी आजारही उसळतो. सल्फाची ॲलर्जी आहे का हे कार्डावर ठळक लिहून ठेवा.

जसं वाढवायचं नाही तसं रोजचं 5 मिलिग्रॅम अचानक बंदही करायचं नाही. इतक्या वर्षांनी शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड झोपलेलं असतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र काहीही झालं तरी चालू राहावं: दिवसाला वजनाच्या दर किलोमागे 5 मिलिग्रॅमपर्यंत, आणि डोळ्यांची तपासणी वेळच्या वेळी. ते आजार उसळू देत नाही आणि गुठळ्यांचा धोकाही कमी करतं. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर ती घराबाहेर. फ्लू आणि न्यूमोकोकसची लस तिने घ्यावी. जिवंत जंतूंची कुठलीही लस आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आता तासांचा हिशेब. खालीलपैकी काही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट इमर्जन्सीत जायचं: अचानक धाप, विशेषतः छातीत कळ किंवा एका पायाला सूज यांच्यासह, थुंकीत रक्त, घेरी येऊन पडणं, ओठ निळे, किंवा बसल्या जागी ऑक्सिजन 92 च्या खाली, हात शेकल्यावरसुद्धा.

अचानक धापेत पहिला संशय गुठळीचा. ल्युपसच्या साधारण तीनातल्या एका रुग्णाच्या रक्तात अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं सापडतात, आणि ती गुठळ्या करतात. ती तीन प्रकारची असतात. त्यांच्यातल्या एकीचं नाव 'ल्युपस अँटिकोॲग्युलंट'. नावाचा अर्थ रक्त गोठू न देणारी. परीक्षानळीत ती तसं वागते, शरीरात नेमकं उलट. बहिणीची ही तिन्ही प्रतिपिंडं कधी तपासली होती का, शोधा. एकदा सापडली तर 12 आठवड्यांनी पुन्हा तपासावी लागतात, कारण एखाद्या साध्या तापानंतरही ती तात्पुरती दिसतात. गुठळी झालीच आणि तिन्ही प्रतिपिंडं असतील तर औषध वॉरफरिन, रक्त गोठू न देणारं, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) 2 ते 3 मध्ये ठेवून. 'रक्त तपासायची कटकट नाही' म्हणून नव्या गोळ्या मागणारे रुग्ण येतात. पण 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशाच रुग्णांना रिव्हारोक्सबान या नव्या गोळीवर वॉरफरिनपेक्षा जास्त गुठळ्या झाल्या आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली.

दुसरा संशय फुफ्फुसात आतल्या आत रक्तस्राव. फार विरळा, पण जीवघेणा, आणि फसवा. बऱ्याच जणींच्या थुंकीत रक्ताचा थेंबही येत नाही. दिसतं काय, तर धाप, एक्स-रेवर पसरलेले डाग आणि दोन दिवसांत घसरलेलं हिमोग्लोबिन. बहुतेकींना मूत्रपिंडाचा त्रासही त्याच वेळी चालू असतो. दुर्बीण घालून फुफ्फुस धुतलं तर पाणी दर खेपेला जास्त लाल येतं. इथे उपचार तासांमध्ये सुरू व्हावे लागतात, आयसीयूमध्ये, शिरेतून स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेने, आणि त्यावर आणखी जोरदार औषधं. तुमच्या बहिणीच्या वर्णनात याचं एकही लक्षण नाही. तरी हिमोग्लोबिनचे जुने-नवे आकडे एका कागदावर तारखेने लिहून जवळ ठेवा. अडचणीच्या वेळी तो कागद फाइलीपेक्षा जास्त कामाचा.

राहिला बाळाचा प्रश्न. होय, हे अगोदर निस्तरायला हवं, आणि माझ्या मते आज इको करायचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं आणि ते सगळं फुफ्फुसातून जावं लागतं. धमन्यांमधला दाब वाढलेला असेल तर उजवं हृदय तो भार पेलत नाही. पल्मनरी हायपरटेन्शनमध्ये गरोदरपण टाळायला आम्ही स्पष्ट शब्दांत सांगतो, आणि हे सांगण्याची वेळ चाचणी पॉझिटिव्ह येण्याआधीची असते. त्या आजाराच्या काही गोळ्या, तसंच मेथोट्रेक्झेट, मायकोफेनोलेट आणि सायक्लोफॉस्फामाइड गर्भाला घातक आहेत. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र गरोदरपणातही चालू ठेवायचं. दाब नॉर्मल निघाला, फुफ्फुसाच्या तपासण्या ठीक आल्या आणि ल्युपस निदान 6 महिने शांत राहिला, तर बहुसंख्य मुलींना आम्ही आनंदाने हो म्हणतो. त्याआधी आरओ प्रतिपिंडं बघून घ्या, कारण ती असतील तर बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागतं.

तर या आठवड्यात हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी, सी3-सी4, डीएस-डीएनए आणि इको. पुढच्या आठवड्यात डीएलसीओसकट पीएफटी आणि एचआरसीटी. व्हीक्यू स्कॅन आणि कॅथेटर यांचं या निकालांवरून ठरेल. सगळे रिपोर्ट घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे आणि सांधेवाताच्या डॉक्टरांकडे जा, आणि शक्य असेल तर दोघांना एकमेकांशी फोनवर बोलायला सांगा. यातून काहीच निघालं नाही तर टेन्शनबद्दल बोलू. तेही खरं दुखणंच आहे, त्यावरही उपचार आहेत.